बाळासाठी प्लेपेन घ्यायचा का? सोलापूरच्या घरांसाठी मोजमापांसह मार्गदर्शक

डोहाळजेवण झालं की विचारणा सुरू होते, "बारशाला काय आणू?" मग कुणीतरी मोबाइलवर जाळीचा, घडीचा, चाकांवर फिरणारा प्लेपेन, म्हणजे बाळाला आत खेळत ठेवायचं कठड्याचं छोटं कुंपण, दाखवतं. खोका मोठा, वस्तू देखणी, किंमतही आहेराला शोभेल अशी. त्यामुळे तो घरात येतो आणि पहिले सहा महिने बहुतेक घरांत त्याच्या कठड्यावर दुपटी वाळत असतात.

नवजात बाळाला प्लेपेन लागत नाही. त्याला लागते सपाट, घट्ट अंथरुणाची जागा आणि जवळ माणूस. प्लेपेनची खरी गरज पडलीच तर ती साधारण सहाव्या ते पंधराव्या महिन्यात पडते. तेव्हाही बाळ किती चळवळं आहे याला फार महत्त्व नाही. घर कसं आहे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घरात मोकळे हात नसतात, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून निर्णय बाळ पाचव्या महिन्यात असताना घ्यावा, बारशाच्या आधी नव्हे. आहेर देणाऱ्याला खुशाल सांगा, "सध्या काही नको, लागलं तर पाचव्या महिन्यात सांगते."

वयाचा हिशेब

बहुतेक बाळं चौथ्या ते सहाव्या महिन्यात पालथी पडतात, सहाव्या-सातव्यात आधाराविना बसू लागतात, सातव्या ते दहाव्यात रांगतात आणि त्याच सुमारास धरून उभी राहतात. वर्ष-सव्वा वर्षात चालतात. दीड वर्षाच्या आसपास बऱ्याच मुलांना कठड्यावर पाय टाकायची युक्ती सुचते. काहींना ती बरीच आधी सुचते. म्हणजे हजारो रुपयांची वस्तू जेमतेम आठ-दहा महिने कामाची.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरायला हवी. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळ-बाळंतीण सासरी परततात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. माहेरच्या मुक्कामात आजी, मावशी, मामी अशा हातांची कमी नसते आणि बाळ ठेवलं तिथेच राहतं. सासरी आल्यावर चित्र उलटं होतं. बाळ हलायला लागलेलं असतं आणि हात कमी झालेले असतात. माहेर बार्शीला आणि सासर जुळे सोलापुरात असेल, तर माहेरच्या घराकडे बघून घेतलेला प्लेपेन सासरच्या खोलीत मावेलच असं नाही. ज्या घरात बाळ रांगणार, त्या घराचं माप घ्या.

पायरी १: घर जमिनीवर बसून पाहा

उभ्याने पाहिलेलं घर आणि रांगणाऱ्या बाळाला दिसणारं घर वेगळं असतं. दोघांनी मिळून अर्धा तास काढा. एकाने प्रत्येक खोलीत गुडघ्यांवर फिरायचं आणि दुसऱ्याने कागदावर लिहायचं. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत हाताला जे जे लागतं ते टिपायचं.

सोलापुरात यादीत पहिलं नाव पाण्याचं. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे प्रत्येक घरात साठा: पिंप, बॅरल, हौद, बादल्या, घागरी. रांगणारं बाळ बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, डोकं जड असल्याने आत तोल जातो आणि त्याला परत वर येता येत नाही. दोन-तीन इंच पाणीसुद्धा जीव घ्यायला पुरतं, आणि हे बहुतेक वेळा आवाज न होता घडतं. पाणी येण्याच्या दिवशी घरातली सगळी माणसं नळाशी असतात. धोका सर्वांत मोठा आणि लक्ष सर्वांत कमी, ही वेळ तीच. बॅरलला कड्या असलेलं झाकण, हौदावर जड फळी, मोरीच्या दाराला वरच्या बाजूने कडी आणि रिकाम्या बादल्या उपड्या. प्लेपेन आणा किंवा न आणा, हे करावंच लागतं.

बांगलादेशच्या खेड्यांत लहान मुलांचं बुडणं रोखण्यासाठी घरोघरी प्लेपेन वाटून पाहिले आणि गावात पाळणाघरंही चालवून पाहिली. फायदा ठळकपणे दिसला तो पाळणाघरांचा, म्हणजे लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा. प्लेपेन माणसाची जागा घेत नाही.

यादीतल्या बाकीच्या गोष्टी:

- कुलर आणि त्याची वायर. पत्र्याच्या कुलरला ओल्या हाताने धरून उभं राहणारं बाळ हा उन्हाळ्यातला खास धोका.
- गच्चीचा उघडा जिना, वाड्यातली उंच पायरी, दारातली उघडी गटार.
- जमिनीलगतचा देव्हारा: समई, काडेपेटी, उदबत्ती.
- शेंगदाणे. चटणीसाठी शेंगा भाजून सोलणाऱ्या घरात एखादा दाणा कपाटाखाली गेलेला असतोच. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो, म्हणून शेंगा सोलायचं काम ताटात आणि ओट्यावर.
- शिलाई मशीन, इस्त्रीची लोंबती वायर, फिनेल, उंदराचं औषध.

पूर्व भागात घरातच माग असेल किंवा विड्या वळल्या जात असतील, तर हिशेब आणखी कडक. सुपातली तंबाखू, कात्री आणि पानांचे तुकडे बाळाच्या नेमके हाताशी असतात, आणि तंबाखूची चिमूट तोंडात गेली तरी विषबाधा होऊ शकते. इथे बाळाला वेगळं ठेवणारी जागा खरोखर लागते. पण ती त्याच खोलीत उपयोगाची नाही, कारण जाळीतून तंबाखूची धूळ आणि मागाचं तूस आरामात आत येतं. प्लेपेन दाराच्या पलीकडे, दिसेल अशा ठिकाणी ठेवावा आणि बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धुवावेत.

पायरी २: मोकळे हात मोजा

तीन दिवस एक साधी नोंद ठेवा. दिवसातून कोणत्या वेळी घरात बाळाबरोबर एकच मोठं माणूस असतं आणि त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात? भाकरी थापताना, अंघोळीला गेल्यावर, पाणी भरताना, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्यावर. प्रत्येक वेळेसमोर मिनिटं लिहा.

बेरीज वीस मिनिटांच्या आत असेल, तर प्लेपेनची गरज नाही. वीस ते नव्वद मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांनी, असतील तर प्लेपेन किंवा त्याचा पर्याय कामाचा आहे. दोन तासांच्या वर जात असेल, तर तिथे प्लेपेन पुरा पडणार नाही. आजी, शेजारची ताई, पाळणाघर, घरच्या पुरुषांच्या कामाच्या वेळा यांतून तोडगा काढावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात वर्षाखालच्या बाळाला बाबागाडी किंवा उंच खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये असं म्हटलंय, आणि न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं खेळू द्यावं असंही. प्लेपेनमध्ये बाळ बांधलेलं नसतं हे खरं, पण सकाळी ठेवलं आणि दुपारी काढलं असा त्याचा वापर होऊ लागला की रांगण्याची भूक मारली जाते.

पायरी ३: तीन प्रश्न आणि निकाल

पहिल्या पायरीतल्या यादीवर तीन प्रकारच्या खुणा करा: आजच दुरुस्त होईल, दार बंद केलं की सुटेल, आणि काही केल्या हलवता येत नाही. तिसऱ्या प्रकारच्या खुणा बाळाच्या राहत्या खोलीत असतील, म्हणजे एकाच खोलीत चूल, माग, पाणी आणि झोपणं, तर प्लेपेन घ्या. धोके दुसऱ्या प्रकारचे असतील, तर आधी दाराचा विचार करा, त्याबद्दल पुढे. सगळे पहिल्या प्रकारचे असतील, तर पैसे वाचवा.

नंतर जागा. घडीच्या प्लेपेनला साधारण ४ बाय अडीच फूट लागतात, चौकोनी जाळीच्या कुंपणाला ४ बाय ४ पासून ५ बाय ६ फुटांपर्यंत. आकडे कागदावर छोटे वाटतात. एक सोपा उपाय आहे. सोलापुरी सिंगल चादर साधारण ५ बाय साडेसात फुटांची असते. टेप लावून ती हव्या मापाची घडी घाला, ठरलेल्या जागी पसरा आणि चारी कोपऱ्यांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या उभ्या करा. तीन दिवस ती जागा निषिद्ध. कपाटाचं दार उघडतं का, रात्री अंथरुणं कुठे पडतात, आजीला संडासाला जाताना अडतं का, कुणाचा पाय बाटलीला किती वेळा लागतो, हे आपोआप कळतं. दुसऱ्याच दिवशी चादर गुंडाळावी लागली, तर उत्तर मिळालं.

तिसरा प्रश्न नेण्या-आणण्याचा. घडीचा प्लेपेन ८ ते १२ किलोचा, मिटल्यावर साधारण अडीच फूट लांबीचं गाठोडं होतं. गाडीच्या डिकीत बसतं. स्कूटरच्या पायाशी ठेवून अक्कलकोटला न्यायची वस्तू ती नव्हे, रेल्वेच्या डब्यात तर ती उघडायलाही जागा नसते. घरात चारचाकी असेल, लग्नकार्यालयात दिवसदिवस जावं लागत असेल किंवा दोन घरांत नेहमीची ये-जा असेल, तरच 'पोर्टेबल' या शब्दाचे जास्तीचे पैसे मोजा.

प्लेपेनऐवजी: दार अडवणे

सोलापूरच्या बऱ्याच घरांना हा उपाय जास्त मानवतो, आणि दुकानदार तो सांगत नाही. बाळाला कोंडण्याऐवजी एक अख्खी खोली निर्धोक करायची आणि तिच्या दाराला अडसर लावायचा. बाळाला दहा बाय दहाची खोली मिळते.

स्वस्त रीत अशी. १२ मि.मी. प्लायवुडची फळी, चौकटीच्या आतल्या रुंदीएवढी आणि ६० ते ६५ सें.मी. उंच. चौकटीच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या यू पट्ट्या स्क्रूने बसवायच्या, फळी वरून त्यात सरकवायची. कडा पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. चूक होते ती उंचीत. ४५ सें.मी.ची फळी दहा महिन्यांचं बाळ चढण्यासाठीच वापरतं. दुसरी अडचण मोठ्यांची: हातात गरम भांडं घेऊन फळी ओलांडणं धोक्याचं आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला ते जमतही नाही. अशा घरात उघडझाप होणारं तयार गेट घ्या. घेण्याआधी चौकट खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी मोजा. जुन्या वाड्यांच्या लाकडी चौकटी क्वचितच सरळ असतात, आणि दाबून बसणारं गेट तिरक्या चौकटीत चार दिवसांत सैल पडतं. जिन्याच्या वरच्या टोकाला तर दाबाचं गेट कधीच नको, तिथे स्क्रूने भिंतीत बसणारंच लागतं.

कोणता प्रकार

घडीचा प्लेपेन: वर चार दांड्या, खाली घडीची पातळ गादी, चारी बाजूंना जाळी. प्रवासाला चांगला, खेळायला अरुंद. काहींत वरच्या पातळीवर टांगायचा छोटा पाळणा मिळतो. नव्या बाळासाठी वापरता येईल असा एवढाच भाग, आणि तो पहिल्या चार-पाच महिन्यांपुरता. बाळ पालथं पडायला किंवा हातांवर उचलायला लागलं, किंवा लेबलवरचं वजन गाठलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा काढून टाकायचा. किंमत साधारण ५ ते १२ हजार.

नळ्या आणि जाळीचं कुंपण: प्रशस्त, हलकं, साधारण ३ ते ७ हजारांत. आजकाल हेच जास्त विकलं जातं. बहुतेकांना खाली तळ नसतो, म्हणजे बाळ थेट फरशीवर. जोराने टेकलं की सगळं कुंपण सरकतं.

प्लास्टिकच्या पट्ट्यांचं कुंपण: जड, टिकाऊ, आकार बदलता येतो. एकत्र कुटुंबात आमचं मत याच्या बाजूने, कारण ते उलटंही वापरता येतं. देव्हारा, कुलर किंवा बारीक तुकड्यांच्या खेळण्यांशी खेळणारा थोरला भाऊ कुंपणाच्या आत, आणि बाळ बाहेर मोकळं.

सुताराकडून करून घेणार असाल, तर उभ्या पट्ट्यांमधलं अंतर ६ सें.मी.पेक्षा जास्त नको, नाहीतर धड बाहेर जातं आणि डोकं अडकतं. आडव्या पट्ट्या मधे नकोत, त्यांची शिडी होते. जमिनीपासून उंची ६० ते ६५ सें.मी. रंग न देता नुसतं घासलेलं लाकूड उत्तम, कारण दात येताना बाळ कठडा चावणारच.

खोका घरी नेण्याआधी

दुकानात असाल तर उघडून पाहा. ऑनलाइन मागवला असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी हे सगळं करा.

१. आतल्या गादीपासून कठड्यापर्यंतची उंची टेपने मोजा. किमान ५० सें.मी., ६० असेल तर चांगलं. जाहिरातीतली उंची बाहेरून मोजलेली असते.

२. शाळेची पेन्सिल जाळीतून आरपार गेली, तर भोकं मोठी आहेत. त्यांत बोट, बटण किंवा झबल्याची गाठ अडकते.

३. गादी आणि बाजूच्या भिंतीमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. गादी हाताने दाबून सोडा. खळगा राहिला तर ती मऊ आहे.

४. प्रत्येक दांडी मधोमध दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबा. जुन्या बनावटीच्या घडीच्या प्लेपेनमध्ये दांड्या मधूनच मुडपून इंग्रजी व्हीसारख्या व्हायच्या आणि बाळाची मान त्यात सापडायची. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा मृत्यूंनंतर अनेक मॉडेल बाजारातून परत घेतली गेली.

५. नळ्यांच्या टोकांवरच्या टोप्या नखाने ओढून पाहा. निघाल्या तर बाळाच्या तोंडात जाणार.

६. एक बाजू खाली सरकणारा प्रकार असेल, तर नको. बाजू खाली राहिली की जाळीची पिशवी होते आणि तान्हं बाळ त्यात घरंगळून गुदमरू शकतं.

कुणाचा वापरलेला मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. मात्र लेबल वाचता येत असावं, सुटे भाग सगळे असावेत, जाळी सैल नसावी. उन्हात गच्चीवर ठेवलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. जोडाच्या जागी पांढरट रेषा दिसली तर सोडून द्या. आतेभावाने दिलाय म्हणून नको म्हणायला जड जातं, पण मोडका सांधा नात्याने जुळत नाही.

जोडणी: नव्वद टक्के रडगाणं इथलं

घडीच्या प्लेपेनचा एकच नियम: उघडताना तळाचा मधला भाग वर असताना आधी चारही दांड्या लावायच्या, तळ शेवटी. घाईत माणूस आधी तळ पायाने दाबतो, मग दांड्या काही केल्या अडकत नाहीत आणि जोर लावल्यावर खटका तुटतो.

गादी सोडवून बाजूला ठेवा. चार पाय थोडे फाकवा, तळाचा गठ्ठा मध्ये वर उचललेला असू द्या. प्रत्येक दांडीचा मधला भाग वर ओढा, 'टक' आवाज येईपर्यंत. चार दांड्या, चार आवाज. तीनच ऐकू आले तर मोजणी पुन्हा. मग तळाचा मध्य खाली दाबा, गादी मऊ बाजू वर करून पसरा आणि तिचे पट्टे तळाच्या फटींतून घालून खालून चिकटवा. पट्टे न लावता गादी नुसती टाकली, तर बाळ ती उचलून तिच्याखाली शिरतं.

मिटताना उलटा क्रम. गादी काढा, तळाच्या मध्यावरचा पट्टा धरून तळ वर ओढा, आणि मगच दांडी किंचित उचलून तिचं बटण दाबा. तळ खाली असताना बटण कितीही दाबलं तरी दांडी सुटत नाही, कारण खटक्यावर ताण असतो. दांडी आधी वर उचलली की तो ताण जातो.

जाळीच्या कुंपणात खालची चौकट, उभ्या नळ्या, वरची चौकट आणि शेवटी कापडाची चेन, हा क्रम. नळ्या जोडात पूर्ण शिरल्या का ते बोटाने चाचपा. एक सेंटिमीटर बाहेर राहिलेली नळी आठवड्यात निसटते. पट्ट्यांच्या कुंपणात कंपनीने सांगितलेल्या किमान पट्ट्यांपेक्षा कमी लावू नका आणि सरळ लांब रेघ करू नका. षटकोन किंवा अष्टकोन स्वतःला धरून उभा राहतो.

आणि मग शहाबादी फरशी. कुंपणाच्या पायांना येणारे रबरी चोषक गुळगुळीत टाइल्सवर घट्ट बसतात, शहाबादीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर अजिबात नाही, कारण दगडाच्या बारीक खडबडीतून आत हवा शिरते. खात्री करायची असेल तर चोषक ओला करून फरशीवर दाबा आणि दहा मिनिटांनी वर ओढा. आपसूक हातात आला तर विश्वास ठेवू नका. अशा घरात कुंपणाच्या दोन बाजू भिंतींच्या कोपऱ्याला टेकवा आणि पायांखाली रबरी जाळीची मॅट घाला. दोन फरश्यांच्या सांध्यावर पाय आला तर प्लेपेन डुगडुगतो. कागदाच्या घड्या घालून टेकू देऊ नका, तो निसटतो. जागाच चार इंच सरकवा.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ वर जातो, तेव्हा रेक्झिनच्या गादीवर बाळ पाठीला घामाने चिकटतं आणि घामोळ्या येतात. गादीवर कंपनीने दिलेलं किंवा घट्ट बसणारं पातळ सुती आवरण घाला, आणखी काही नको. जाड चादर अंथरली की ती गोळा होते आणि बाळाच्या तोंडावर येते. ऊन येतं म्हणून कठड्यावरून चादर टाकणं तर अगदीच नको. हवा कोंडते, आणि उभं राहणारं बाळ चादर ओढून अंगावर घेतं. प्लेपेनच दुसऱ्या भिंतीकडे सरकवा.

पत्र्याच्या छताच्या खोलीत दुपारी बारा ते चार प्लेपेन वापरू नये. जमिनीलगत गारवा वाटला तरी जाळीच्या आत वारा कमी लागतो. कुलर, पंखा, प्लग, पडद्याची दोरी, खिडकी, यांपासून चारी बाजूंनी तीन फूट अंतर हवं. बाळाचा हात आणि जाळीची लवचीकता धरली, तर दीड फूट सहज पार होतं. डासांसाठी वरून मच्छरदाणी बांधण्यापेक्षा खिडक्यांना जाळी मारणं बरं. बसत्या बाळाने मच्छरदाणी ओढली की ती गळ्याभोवती येते.

झोप लागली तर

घडीच्या प्लेपेनवर झोपेसाठी वापरता येतो असं लिहिलं असेल तरच त्यात झोपवा. पाठीवर, सपाट, मूळ गादीवर. गादी कडक लागते म्हणून आजी हमखास वर आणखी एक गादी किंवा वाकळ घालायला सांगते. प्रेमाने सांगते, पण ऐकू नका. जास्तीची गादी आणि जाळी यांच्या फटीत बाळ तोंडावर अडकतं आणि त्याला मान फिरवता येत नाही. उशी, लोड, मोठी मऊ खेळणीही बाहेर. नळ्यांच्या कुंपणात डोळा लागला तर उचलून त्याच्या अंथरुणावर.

सवय कशी लावायची

पहिल्या दिवशी रडत्या बाळाला आत ठेवून भाकऱ्या थापायला गेलात, तर ते बाळ आत गेलं की रडायचं असंच शिकेल. पोट भरलेलं, झोप झालेली अशी वेळ निवडा. पहिले दोन-तीन दिवस पाच मिनिटं, तुम्ही बाजूला बसलेल्या. कुंपण मोठं असेल तर आतच बसा. नंतर उठून खोलीत वावरा, बोलत राहा. आठवड्याने दहा-पंधरा मिनिटं. एका वेळी अर्ध्या तासाच्या पुढे नेऊ नका, आणि रडणं चढत गेलं तर काढा.

खेळणी दोन-तीनच, रोज बदलून. स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा महागड्या खेळण्यांना भारी पडतात. मोठे ठोकळे नकोत, त्यांवर चढून बाळ बाहेर पडतं. वीतभरापेक्षा लांब दोरी असलेलं काहीही आत नको.

आत ठेवण्याआधी बाळाच्या अंगावरून एकदा नजर फिरवा. गळ्यातला काळा दोरा, ताईत, दृष्टमण्यांची माळ काढून ठेवा. घसरताना तो दोरा कठड्याच्या कोपऱ्यात किंवा खटक्यात अडकला, तर पूर्ण भार गळ्यावर येतो. मनगट्यांचे मणी आणि वाळ्यांचे घुंगरू ओढून पाहा, सैल असतील तर तेही काढा. झबल्याच्या नाड्या आत खोचा.

कधी थांबायचं, कसं जपायचं

बऱ्याच घडीच्या प्लेपेनची मर्यादा सुमारे १४ किलो किंवा ८९ सें.मी. उंची असते, आपल्या लेबलवरचा आकडा पाहा. पण आकड्याची वाट पाहू नका. बाळाने एकदा जरी कठड्यावर पाय टाकला, तरी त्या दिवसापासून वापर बंद. छातीएवढ्या उंचीवरून शहाबादीवर डोकं आपटण्यापेक्षा जमिनीवर मोकळं फिरलेलं बरं.

आठवड्यातून एकदा दांड्यांचे खटके, चेन आणि शिवणी तपासा. धुळीने चेन घट्ट होते. ओल्या ब्रशने घासून वाळवली की सुटते, तेल लावू नका. बोअरच्या जड पाण्याने पुसलं की गादीवर पांढरे डाग राहतात. व्हिनेगरचे चार थेंब घातलेल्या पाण्याने पुसून पुन्हा साध्या पाण्याने पुसा. वाळवायचं सावलीत.

काम संपल्यावर विकायचा किंवा द्यायचा असेल, तर जोडणीचा कागद, सगळे सुटे भाग आणि जास्तीचे चोषक एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी दांडीलाच बांधून ठेवा. एक दांडी खटक्यात नीट बसत नसेल, तर कुणालाही देऊ नका. नळ्या भंगारात, आणि जाळी कापून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कुणी वापरणार नाही.